प्रतिसाद : पुंगळीचं तोंड का तडकतं

भाऊ, तुमच्या ३१५ बोर रायफलच्या जुन्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी टरफलं, नुसत्या ठेवल्या-ठेवल्या तोंडाशी उभ्या तडकल्या, आणि वर सगळ्यांनी 'माल हलका' म्हणून निकाल दिला. मला नाही पटत. ठेवल्या कुठं होत्या, ते सांगा आधी. आमच्या पुंगळ्या आबांच्या गोठ्याच्या माळ्यावर होत्या. खाली बैलं, गोमूत्राचा वास डोळ्यांत जाईल असा. एका पावसाळ्यानंतर डबा उघडला तर आठ-दहा पुंगळ्यांना केसासारखी चीर. नख फिरवलं की अडकायचं.

इंग्रजांच्या फौजेलाही हिंदुस्थानात हाच ताप झाला होता. पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे, अन् घोड्यांच्या मुताचा अमोनिया पितळेला खायचा. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. ओढून-दाबून घडवताना त्यात ताण राहतो. तो ताण आणि अमोनिया एकत्र आले की चीर पडते. १९२० च्या सुमारास त्याचा नीट उलगडा झाला.

आमच्या भंडाऱ्याच्या तांबटाला यातलं अर्धं न शिकता ठाऊक. ठोकून ठोकून पितळ कडक झालं की तो गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, भट्टीत तापवून नरम करतो, मगच पुढचे ठोके. पुंगळीचंही तसंच, दर वेळी बार उडाला की तोंडाजवळची मान ताणली जाते अन् कडक होते. म्हणून तापवून नरम करायची ती फक्त मान, बूड मात्र कडकच पाहिजे. ते नरम पडलं तर दाब झेलणार नाही, आणि तोंड बंदुकीला लावून बसलेला तुम्ही असता.

चिरलेल्या सरळ मोडीत घाला. आणि बाकीच्या पुंगळ्यांत दारू-गोळी पुन्हा भरायचा विचार असेल तर लायसन्समध्ये बसतं का, ते आधी विचारून घ्या.