मदत हवी आहे: घरच्या रॅकमध्ये फायरवॉल आणि व्हीपीएनसाठी कोणतं हार्डवेअर घेऊ?

नमस्कार मंडळी,

भिंतीवर ६यूचा (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं एकक) छोटा रॅक आहे. त्यात पॅच पॅनेल आणि स्विच बसलेत, आता इंटरनेटवाल्यांनी दिलेला राउटर काढून स्वतःचा फायरवॉल लावायचाय. ओपीएनसेन्स (फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं फायरवॉल सॉफ्टवेअर) घालणार हे नक्की. घोडं अडलंय ते हार्डवेअरवर.

लाइन १ जीबीपीएसची, पीपीपीओईवर (म्हणजे युजरनेम-पासवर्डने लॉगिन करून जोडली जाणारी). आई-बाबांच्या घराशी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी जोडणी) कायम चालू हवा, त्यांच्या फोटोंचा बॅकअप रोज रात्री माझ्याकडे येतो. गेल्या महिन्यात राउटर हँग झाला आणि चार रात्री काहीच आलं नाही, तेव्हापासून धास्तीच बसलीय. व्हीपीएनच्या प्रकारांपैकी त्यांच्याकडचा राउटर फक्त ओपनव्हीपीएन जाणतो. माझा फोन आणि लॅपटॉप वायरगार्ड या दुसऱ्या प्रकारावर असतील.

एक पर्याय म्हणजे जुना १यू सर्व्हर: झिऑन ई३ प्रोसेसर, ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) मेमरी, इंटेलचे दोन नेटवर्क पोर्ट. मशीन दणकट, पण रॅक झोपायच्या खोलीबाहेर आहे. १यूची उंची जेमतेम ४४ मिमी, त्यामुळे पंखे ४० मिमीचे, आणि एवढ्याशा पंख्यांना हवा खेचायला भन्नाट वेगाने फिरावं लागतं. शिवाय सरासरी ४० वॅट धरले तरी वर्षाला ३५० युनिट.

दुसरा पर्याय, शेल्फवर ठेवायचा बिनपंख्याचा बॉक्स, इंटेलचा एन१०० प्रोसेसर, इंटेलच्याच आय२२६ चिपचे चार पोर्ट. मन इकडे झुकतंय. रिअलटेकचे पोर्ट मुद्दाम टाळलेत, फ्रीबीएसडीवर त्यांच्या ड्रायव्हरचा त्रास नको.

शंका पीपीपीओईचीच आहे. फ्रीबीएसडीवर आत येणारा सगळा पीपीपीओई ट्रॅफिक एकाच रांगेत येतो, म्हणजे भार एका कोअरवर. मग चार कोअर असून उपयोग काय? डिस्पॅच पॉलिसी (आलेलं पॅकेट कुठे हाताळायचं ते ठरवणारं सेटिंग) 'डिफर्ड' केली की भार वाटला जातो असं वाचलंय. एन१००वर कुणी करून पाहिलंय का? पूर्ण वेगाने डाउनलोड चालू असताना सर्वांत व्यस्त कोअर किती टक्क्यांवर जातो, तो आकडा मला हवाय. सुरिकाटा (ट्रॅफिकमधले हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर तेव्हाचा आकडाही सांगा.

ओपनव्हीपीएनसाठी एईएस-एनआय (एईएस एन्क्रिप्शन वेगाने करायची प्रोसेसरमधली सोय) दोन्ही मशीनमध्ये आहे. वायरगार्ड चाचा२० ही वेगळी एन्क्रिप्शन पद्धत वापरतो, त्याला एईएस-एनआयचा फायदा नाही; तिथे प्रोसेसरचा निव्वळ वेगच कामाला येणार.

आणखी एक: बंद रॅकमध्ये, स्विचच्या डोक्यावर, बिनपंख्याचा बॉक्स उन्हाळ्यात किती तापतो? वर १यू मोकळा सोडला तर पुरेल, की रॅकलाच एखादा मोठा, संथ पंखा लावू?