हॅलोविन चर्चने ढापला म्हणे! मग २० एप्रिलचं काय करायचं?

खडूस_मास्तर
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरत फिरत आली. मजकूर असा की हॅलोविन म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची केल्टिक लोकांची (आयर्लंडकडचे जुने रहिवासी) सर्वपित्री अमावस्या, त्या रात्री पितर घरी यायचे, लोक नैवेद्य ठेवायचे, मग चर्चने तो सण ढापून वर संतांचं लेबल चिकटवलं आणि आता तोच माल आपल्या पोरांना विकतायत. खाली चाळीस अंगठे. त्या ग्रुपवर माझे साडू आहेत म्हणून तिथे गप्प बसलो, इथे ओकतो.

अहो, हॅलोविन म्हणजे चर्चच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र, आणि तो सण सुरुवातीला नोव्हेंबरात नव्हताच. रोमचं पँथिऑन हे जुनं देऊळ चौथ्या बॉनिफेस पोपने हुतात्म्यांना वाहिलं ते १३ मे ला, सन ६०९ च्या आसपास. १ नोव्हेंबर ही तारीख ८०० च्या सुमाराला इंग्लंड-जर्मनीकडे दिसायला लागते आणि ८३५ मधे फ्रँक सम्राट लुई ती आपल्या राज्यात लावतो. आता चोरी करायची तर चोर आयर्लंडात शिरायला हवा ना, सावइन, म्हणजे तो केल्टिक सण, तिथलाच. तर त्याच सुमाराला तिथला एंगस नावाचा साधू संतांचं पद्यात पंचांग लिहितो, त्यात सर्व संतांचा सण कधी आहे? २० एप्रिल! म्हणजे ज्यांच्या घरी चोरी झाली म्हणता त्यांच्या घरात चोराची तारीखच वेगळी.

पितरांचं म्हणाल तर २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस फ्रान्सातल्या क्लूनी मठाच्या ओडिलोने साधारण ९९८ ला लावून दिला. मेलेल्यांसाठी प्रार्थना, त्याबदल्यात दारोदार केक मागणं, हे सगळं त्या खात्यातलं. आणि सावइन म्हणजे 'केल्टिक नववर्ष' ही तर जॉन ऱ्हीस या वेल्श प्राध्यापकाची १८८६ ची अटकळ, पुढे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरने उचलली आणि तेव्हापासून सगळे डोळे मिटून छापतायत.

उंटावरचा_शहाणा
मास्तर, तुमच्या तारखा वाचून झोप आली. लोक भुताला घाबरतात ते पोपचं पत्रक वाचून घाबरत नाहीत. आयरिश भाषेत अख्ख्या नोव्हेंबर महिन्याचंच नाव सावइन आहे. जुन्या आयरिश कथांमधे काहीही भयंकर घडायचं तर याच रात्री घडतं, टेकड्या उघडतात, पलीकडचे लोक बाहेर येतात. आयर्लंडातल्या टाराच्या टेकडीवरच्या थडग्यात याच दिवसांत सकाळचं ऊन आत शिरतं. शेकोट्या, मुखवटे, कोरलेले कंद हे कुठल्या पोपने सांगितलं ते दाखवा. शिमग्याची बोंब कुठल्या पुराणात लिहिलीय हे विचारण्यातला प्रकार आहे हा.

खडूस_मास्तर
टाराचं थडगं पाच हजार वर्षांपूर्वीचं. केल्टिक भाषा बोलणारे तिथे त्यानंतर कितीतरी शतकांनी आले. उद्या लेण्यात ऊन आलं म्हणून तीही त्यांच्याच नावावर करा. आणि त्या कथा लिहून काढल्या कोणी? दहाव्या शतकापासून पुढे, मठातल्या साधूंनी. आणि त्यांत सावइनला मेजवान्या आहेत, राजांच्या सभा आहेत, परीलोकातले लोक आहेत, पण आजोबांना पान वाढून ठेवलंय असं नाही. सर्वपित्री आपण घुसडली.

डब्लिनकर
पहिल्यांदा दोघांचे आभार, कोणी सावइनचं इंग्रजी स्पेलिंग वाचून 'सामहेन' लिहिलं नाही. नऊ वर्षं इथे आहे, ऑफिसातल्या पहिल्याच हॅलोविनला मी सगळ्यांसमोर सामहेन म्हणालो होतो, अजून ऐकवतात.
बाकी इथे लोक ढापलं-बिपलं काही बोलत नाहीत. बार्मब्रॅक खातात, मनुकांचा गोडसर पाव, आत अंगठी असते, जिच्या वाट्याला येईल तिचं वर्षात लग्न. माझ्या बायकोच्या दाताखाली आली, म्हटलं आता काय करायचं. रात्री पोरं कुठूनतरी लाकडं, टायर गोळा करून पेटवतात, सगळीकडे धूर आणि फायर ब्रिगेडची वाट लागते. मेयो परगण्यातल्या म्युझियममधे शलगमाच्या जातीच्या कंदाच्या जुन्या कंदिलाची प्लॅस्टरची प्रतिकृती आहे, फोटो शोधा. भोपळा त्यापुढे अगदी बाळसेदार वाटतो, तो कंद खरंच भुतासारखा दिसतो. बटाट्याच्या दुष्काळानंतर आयरिश लोक अमेरिकेत गेले तिथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, झालं.

वसईवाला
सगळे चर्चबद्दल बोलतायत, चर्चमधे जाणाऱ्याला कोणी विचारत नाही. २ नोव्हेंबरला आम्ही कबरस्तानात असतो. आदल्या दिवशी आई कबरीवरचं गवत स्वतः उपटते, वडिलांना झेंडू आवडायचा म्हणून झेंडूच, मग मेणबत्त्या, फादर येऊन पाणी शिंपडतात, वारा असला की निम्म्या मेणबत्त्या विझतात आणि शेजारच्या कबरीवाल्यांकडून आम्ही पेटवून घेतो. आणि दरवर्षी ३१ ला सोसायटीतला कोणीतरी मला दात काढून 'हॅपी हॅलोविन, तुमचा सण ना' म्हणतो. नाही हो आमचा. आमचे फादर तर उलट त्या हाडांच्या सापळ्यांच्या पार्ट्यांना जाऊ नका म्हणतात. एका बाजूने चोर म्हणायचं, दुसऱ्या बाजूने त्याच सणाच्या शुभेच्छा द्यायच्या.

जर्सीची_सून
वसईवाला, मनापासून सॉरी, मीही एकीला असंच विश केलंय.
भोपळ्यावरून आठवलं. २०२४ ला दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी. सासूबाई इकडे आलेल्या. मी ओट्यावर भोपळा घेतला, सुरी लावणार तोच हात धरला, म्हणे अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही, आधी पुरुषाने सुरी लावायची. नवरा मीटिंगमधे. शेवटी सात वर्षांच्या लेकाला स्पायडरमॅनच्या वेशात बोलावून भोपळ्याला सुरी टेकवायला लावली, मग पुढचे दोन तास मी एकटीच खरवडतेय. आतला गर टाकवेना म्हणून घारगे केले. पीठ गिळतच राहिलं, अर्धा डबा कणिक गेली तरी गोळा होईना, तळल्यावर चव पुठ्ठ्याची.

नागपुरी_तडका
कोरायचा भोपळा खायचा नसतोच ताई, पाणचट असतो. बटरनट भोपळा घ्या, कीस गुळात आटवा, मग कणिक.
पण बाईने चिरायचा नाही हे २०२४ ला अमेरिकेत?? आणि ऐकलं तुम्ही??

जर्सीची_सून
सहा महिने घरात एकत्र राहायचं होतं. तुम्ही नसतं ऐकलं?

उंटावरचा_शहाणा
त्यात हसण्यासारखं काही नाही. कोहळा हा बळीच्या जागी असतो, म्हणून तो कापणं म्हणजे बळी देणं. सगळ्याच रूढींना अंधश्रद्धा म्हणायची फॅशन झालीय.

नागपुरी_तडका
आणि बळी द्यायचा हक्क पुरुषांचा, निस्तरायचं बाईने. माझी आजी विधवा होती, दोन मुली, घरात पुरुषच नाही. भाजी करायची तर शेजारच्या पोराला हाक मारायची. एकदा तो नव्हता तर तिने कोहळं उचलून अंगणातल्या दगडावर आपटलं, म्हणाली पडलं बाई हातातून. हा आमच्या घरचा ग्रंथ.

उंटावरचा_शहाणा
आजींना नमस्कार. पण तो लाल भोपळा, कोहळा नव्हे. कोहळा पांढरा, पेठ्याचा.

नागपुरी_तडका
आमच्याकडे लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. पुण्याच्या मंडईत जे म्हणतात तेच मराठी का?

खडूस_मास्तर
थांबा, मजा बघा. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, कोलंबसानंतर आपल्याकडे आला. म्हणजे नियम होता पांढऱ्या कोहळ्याचा आणि तो गुपचूप या पाहुण्याला जाऊन चिकटला. तिकडे कंदाच्या कंदिलाचंही तेच झालं. कोणी कोणाचं ढापलं नाही, फळ बदललं, सवय राहिली.

उंटावरचा_शहाणा
व्वा! म्हणजे वरचं लेबल बदलतं आणि खालची जुनी सवय राहते, बरोबर? हेच मी वर म्हणत होतो. लिहून दिल्याबद्दल धन्यवाद.

खडूस_मास्तर
...ठीक आहे. शेकोट्या आणि मुखवटे मला चर्चच्या खात्यात टाकता येत नाहीत, हिवाळ्याच्या तोंडावरचं जुनं काहीतरी असणार. पण सर्वपित्री नाही. आणि २० एप्रिलला तुम्ही अजून हात लावलेला नाही.

उंटावरचा_शहाणा
२० एप्रिल तुमचा. शाल-श्रीफळ पाठवू की कोहळा?

वसईवाला
पाठवायच्या आधी पुरुषाकडून चिरून घ्या.

डब्लिनकर
😂 इथे शनिवारी बाजारात बटरनट मिळतो. एक मध्यम घेतला तर गूळ किती?

जर्सीची_सून
मलाही हवंय. वाटीने सांगा, अंदाजाने नको, अंदाजानेच वाट लागली.

नागपुरी_तडका
दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ. कणिक मावेल तेवढी. आता मावेल तेवढी म्हणजे किती हे विचारू नका.