नव्या पीसीत जुनी हार्ड डिस्क गायब, एक्सपोर्ट करताना रीस्टार्ट. कुठून सुरुवात करू?

स्टुडिओ_विश्रामबाग
मंडळी, सल्ला पाहिजे. लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी सांगलीत नवा डेस्कटॉप जोडला आहे. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, १६ जीबीच्या २ नव्या रॅम (डीडीआर४, ३२००), शिवाय जुन्या मशीनमधल्या ८ जीबीच्या २ (२६६६), आरटीएक्स ३०६०, एनव्हीएमई (बोर्डाच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणाऱ्या वेगवान एसएसडी) २ (१ टीबी आणि ५०० जीबी), साटा केबलने जोडायची जुनी २ टीबीची हार्ड डिस्क, एक कॅप्चर कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, विंडोज ११.

अडचणी चार:
१. ५०० जीबीची एनव्हीएमई दुसऱ्या एम.२ स्लॉटला लावली की २ टीबीची डिस्क बायॉसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा सेटिंगचा भाग) दिसत नाही. काढली की दिसते.
२. मोठा एक्सपोर्ट लावला की १०-१५ मिनिटांत मशीन रीस्टार्ट.
३. कॅप्चर कार्डावर पिवळं चिन्ह, कोड १२.
४. लाईट गेली की यूपीएसवर असूनही पीसी बंद.

तुळशीच्या लग्नानंतर काम अंगावर येतं, त्याआधी मशीन भरवशाचं व्हायला हवं. बोर्ड बदलून घ्यावा का?

बोर्डदुरुस्ती_सातारा
बोर्ड बदलू नका. पहिल्या तीन अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही घरच्या घरी सुटण्यासारखी आहेत.

आधी डिस्क. रायझन ५६०० कडे पीसीआयईच्या २४ लेन (कार्ड आणि एसएसडीशी डेटा ये-जा करायचे मार्ग) असतात. १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एम.२ ला, ४ चिपसेटला (बोर्डावरच्या बाकी जोडण्या सांभाळणारी चिप). बाकी सगळं चिपसेटच्या लेनमधून वाटून घ्यायचं, म्हणून बऱ्याच बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की साटाचे दोन पोर्ट आपोआप बंद होतात. कोणते, ते तुमच्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावर बारीक अक्षरात तळटीप म्हणून असतं. बहुतेक वेळा ५ आणि ६. काही बोर्डांवर साटाऐवजी खालचा लांब पीसीआयई स्लॉट बंद पडतो. तेव्हा अंदाज न करता ते पान उघडा आणि डिस्कची केबल १ ते ४ पैकी एका पोर्टला लावा. विंडोजने डिस्क ‘इनिशिअलाइज’ करू का असं विचारलं तर होकार देऊ नका, डेटा धोक्यात येईल. त्या डिस्कवर जुनं विंडोज असेल तर बायॉसच्या बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ नव्या एनव्हीएमईवरचाच सर्वांत वर ठेवा.

रीस्टार्टबाबत माझा पहिला संशय रॅमवर. ३२०० चं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाला चालवणारं बायॉसमधलं सेटिंग) चालू केलं की रॅमच्या चारही पट्ट्या त्या वेगाला ओढल्या जातात आणि २६६६ च्या पट्ट्यांना तो झेपेलच असं नाही. डेस्कटॉपवर सगळं ठीक वाटतं, एक्सपोर्टला मेमरी भरली की चूक होते.

करायचं असं. पीसी बंद, भिंतीवरचा स्विच बंद, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, केसच्या उघड्या लोखंडाला हात लावा. मग फक्त नवी एक पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये (ए२). मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच, कारण ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. बायॉस डिफॉल्टला आणा. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एक जरी चूक आली तरी नापास. मग दुसरी नवी पट्टी बी२ मध्ये, मग एक्सएमपी, प्रत्येक पायरीला पुन्हा टेस्ट. जुन्या पट्ट्या सगळ्यांत शेवटी. दोन बदल एकदम केले तर दोष कुणाचा ते कळणारच नाही.

कृष्णाकाठ
रॅम तपासण्याआधी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात सिस्टीम लॉग. ‘कर्नल-पॉवर ४१’ सगळ्यांनाच दिसतं, त्यावरून एवढंच कळतं की मशीन नीट बंद न होता गेलं. त्याच्या तपशिलात बगचेककोड ० असेल तर थेट करंट तुटला किंवा हार्डवेअरने रीसेट घेतला. ० नसेल तर निळा स्क्रीन आला होता आणि तो कोड शोधता येतो. शेजारी ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ दिसला तर प्रोसेसर, रॅमचा वेग किंवा व्होल्टेजकडे बघा.

कोड १२ म्हणजे कार्डाला लागणारी मेमरीची जागा सिस्टीमला देता आली नाही. पूर्वीसारखं आयआरक्यू (कार्डाचा इंटरप्ट नंबर) हाताने बदलण्याचं काम आता राहिलेलं नाही. बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने बूट करायची सोय) बंद आणि ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ (कार्डांना ४ जीबीच्या वरची पत्त्यांची जागा देणारं सेटिंग) चालू करा. त्याआधी रनमध्ये एमएसइन्फो३२ टाकून बायॉस मोड ‘यूईएफआय’ आहे का बघा. ‘लेगसी’ दिसलं तर सीएसएमला हात लावू नका, विंडोज सुरूच होणार नाही.

बायॉस अपडेट करायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आणि लाईट जायची शक्यता असताना अपडेट नको, तुमची चौथी अडचण सुटेपर्यंत तर नकोच.

वायरमन_मिरज
यूपीएस किती व्हीएचा? ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतात. ३०६० एकटं १७० वॅट खातं, त्यात प्रोसेसर, डिस्क आणि मॉनिटर. एक्सपोर्ट चालू असताना तो टेकीला येणारच. शिवाय तुमच्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल आणि यूपीएस बॅटरीवर चौकोनी धाटणीची लाट देत असेल, तर काही जोड्या त्या क्षणी पडतातच.

मीटरने अर्थिंगही तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं, म्हणजे २३० च्या आसपास हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ फारच कमी आलं तर अर्थिंग तुटलंय. मीटरची सवय नसेल तर वायरमनलाच बोलवा.

एक विचारतो. जुन्या पॉवर सप्लायची साटा केबल नव्याला लावली नाही ना? मॉड्युलर केबल खोचता येते, पण सप्लायकडच्या बाजूच्या पिनांची रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. १२ व्होल्ट ५ च्या तारेत गेले तर डिस्क जळते.

स्टुडिओ_विश्रामबाग
केबल सगळ्या नव्या सप्लायसोबत आलेल्याच आहेत. मॅन्युअलमध्ये खरंच ५ आणि ६ बंद होतात असं लिहिलंय, डिस्क पोर्ट २ ला लावली, दिसली. नव्या दोन पट्ट्यांवर एक्सएमपीसह ४ पास स्वच्छ. चार पट्ट्या लावून पहिल्याच पासात चुका. मोड यूईएफआय होता, सीएसएम बंद केल्यावर कोड १२ गेला. यूपीएस ६०० व्हीएचाच आहे. ४८ जीबी ठेवायचीच झाली तर?

बोर्डदुरुस्ती_सातारा
चार पट्ट्या एक्सएमपी बंद करून २६६६ ला चालवून बघा, टेस्ट पास झाली तर वापरा. पण माझं मत ३२ वरच थांबा. रायझनला रॅमचा वेग जाणवतो आणि एडिटिंगला ३२ पुरतं. पुढे जास्त लागली तर ३२ च्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्या.

वायरमन_मिरज
यूपीएस शुद्ध साइन लाटेचा, वॅट किमान ५५०-६०० असलेला बघा. खोक्यावर व्हीए मोठ्या अक्षरात असतं, वॅट बारीक, तेच वाचा. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. दुकानदार तयार असेल तर पीसी तिथे न्या, एक्सपोर्ट चालू करा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. सलग पाच वेळा मशीन टिकलं तरच पैसे द्या.