प्रतिसाद: पेटीतल्या बर्मी नोटा

आजोबांच्या पेटीत सापडलेल्या बर्माच्या जपानी रुपयाच्या नोटेला हजारो रुपये मिळतील, असं वर कुणी लिहिलंय, ते काही पटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्मा (आताचा म्यानमार) ताब्यात घेतल्यावर जपान्यांनी तिथल्यासाठी छापलेल्या त्या नोटांवर क्रमांकच नसतो, नुसती 'बी'ने सुरू होणारी इंग्रजी अक्षरं. (मलायाच्या नोटांवर 'एम'.) ढिगाने छापल्या, इंग्रज बर्मात परत आल्यावर रद्दी झाल्या, सैनिकांनी आठवण म्हणून गड्ड्यांनी घरी आणल्या.

शोधायची ती दुसरी नोट. १९४५ मध्ये आपल्याच, इंग्रज राजा जॉर्ज सहाव्याच्या चित्राच्या नोटांवर बर्माच्या ब्रिटिश लष्करी प्रशासनाचा लाल इंग्रजी शिक्का मारून त्या तिकडे चालवल्या. चलन फक्त बर्मापुरतं, असंही त्यात छापलंय. आमच्या पारोळ्याच्या घरी अशी एक दहाची होती. आजी म्हणायची, "ती आठे (इथे) चालत नही, भो." म्हणूनच वाचली असावी, नाहीतर बाजारात कधीच खर्च झाली असती! फक्त घेताना शिक्का भिंगाखाली बघा. साध्या जुन्या नोटेवर नंतर लाल शाई मारून विकणारे आहेत. धुळ्यात मी स्वतः एकदा फसलोय. शाई घडीच्या चिरेत उतरलेली दिसली, की नोट झिजल्यावर शिक्का पडलाय, म्हणजे तो खोटा समजा.