कॅम्पसवरच्या पोलीस चौकीला विरोध : निवेदनासाठी मदत हवी आहे

आमच्या विद्यापीठाने वसतिगृहाच्या फाटकाशेजारी कायमची पोलीस चौकी बसवायचं ठरवलंय. कारण दिलंय चोऱ्यांचं आणि रात्रीच्या सुरक्षेचं. विद्यार्थ्यांना कुणी विचारलेलं नाही. आत्ताच फाटकावर ओळखपत्र बघून प्रत्येकाचं नाव वहीत उतरवून घेतात. सभांना येणारी मुलं त्यामुळेच घटलीत.

सह्यांची मोहीम झाली, कुलसचिवांना भेटून झालं. उत्तर एकच : ‘मग पर्याय सांगा.’ रात्री ग्रंथालयातून परतणाऱ्या मुलींचा विचार केला तर हे म्हणणं रास्तच आहे. त्यामुळे नुसतं ‘पोलीस नकोत’ म्हणणारं निवेदन नकोय. गुन्हा घडला तर पोलिसांनी यावंच, आक्षेप कायमच्या मुक्कामाला आहे.

ग्रीसबद्दल वाचलंय : १९८२च्या कायद्याने पोलिसांच्या प्रवेशावर बंधन आलं, २०१९मध्ये ते संरक्षण काढलं, २०२१मध्ये विद्यापीठ पोलीस दलाचा कायदा झाला आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पण त्यातून आमच्या निवेदनाला कलमं मिळत नाहीत. कोर्टकचेरी परवडणार नाही.

पोलिसांना कोणत्या परिस्थितीत, कुणाच्या लेखी परवानगीने आत बोलवायचं, याची नियमावली तुमच्याकडे विद्यार्थ्यांनी मंजूर करून घेतली आहे का? असल्यास रात्रीच्या सुरक्षेची जबाबदारी तिच्यात कुणावर आहे, आणि तिचा मसुदा मिळू शकेल का?