भंगार धातूच्या यार्डांची तपासणी: परवान्याच्या अटी मोजता येतील अशा कशा लिहाव्यात?

कुंपणरेषा (धागाकर्ता)

शहराच्या हद्दीतल्या धातू-भंगार यार्डांसाठी परवान्याच्या अटींचा नवा मसुदा करायचा आहे. यार्ड तीन प्रकारची आहेत: नुसती वर्गवारी करून गठ्ठे बांधणारी, गॅस कटिंग करणारी आणि गाड्या फाडणारा श्रेडर असलेली. जुन्या अटी ‘धूळ उडणार नाही याची योग्य ती दक्षता घ्यावी’ या थाटाच्या आहेत. ‘योग्य’ म्हणजे किती हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे अशा अटीवर काढलेली नोटीस पहिल्याच सुनावणीत पडते.

निरीक्षकाच्या हाती फार तर अर्धा दिवस असतो आणि सोबत प्रयोगशाळा नसते. तेवढ्यात काय पाहावं, कोणत्या नोंदी मागाव्यात, हवा आणि पाणी कुठे मोजावं? आगीचं काम अग्निशमन दलाकडे आहे, पण परवाना एकच असल्यामुळे त्याच्या अटीही यातच बसवायच्या आहेत.

---

वजनकाटा

सुरुवात चिमणीपासून करू नका, फाटकापासून करा. श्रेडरमधून बाहेर पडणारं जवळजवळ सगळं वाईट आत काय गेलं यावर ठरतं. गाडी फाडण्याआधी बॅटरी, इंधन, इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, एअरबॅग आणि गॅसची टाकी काढलेली असायला हवी. जुन्या गाड्यांच्या डिकीतल्या दिव्यात पाऱ्याचे स्विच असायचे, तेही काढायचे. ‘हे करतो’ असं प्रत्येक यार्ड सांगतं. खरं-खोटं ताडायला कागदावरचा हिशेब पुरतो.

समजा महिन्यात ५०० गाड्या आल्या. एका गाडीत साधारण ४ लिटर इंजिन ऑइल धरलं तर २,००० लिटरच्या आसपास ऑइल निघायला हवं. गळकी इंजिनं वजा करून १,२०० लिटर निघालं तरी चालेल. पण विल्हेवाटीच्या पावत्या १५० लिटरच्याच असतील तर बाकीचं जमिनीत मुरलं किंवा श्रेडरमध्ये जळलं. बॅटऱ्यांचं गणित तसंच, फक्त बऱ्याच गाड्या बॅटरी काढूनच येतात. म्हणून आवक पावतीवर ‘बॅटरी आहे/नाही’ हा रकाना सक्तीचा करा, नाहीतर तीच सबब कायम ऐकावी लागेल.

तिसरा ताळा श्रेडरच्या कचऱ्याचा, म्हणजे फोम, रबर, काच, प्लास्टिक, माती यांचा. गाडीच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हा असतो. १,००० टन गाड्या फाडल्या आणि बाहेर ८० टनच गेला, तर उरलेला ढीग यार्डात कुठेतरी आहे. तो शोधा, पुढची आग तिथेच लागते.

श्रेडरमधले स्फोट बहुतेक वेळा इंधनाच्या टाकीमुळे किंवा सिलेंडरमुळे होतात. ‘रिकामा’ सिलेंडर भरलेल्यापेक्षा निर्धोक असतो ही समजूत चुकीची आहे. उरलेली वाफ आणि हवा यांचं मिश्रणच पेट घेतं. अट अशी लिहा: बंद भांडं स्वीकारायचं नाही, व्हॉल्व्ह काढलेला आणि आतलं दिसेल इतकं कापलेलं हवं. चेपून आणलेल्या गाड्यांच्या गठ्ठ्यात सिलेंडर लपतो, म्हणून प्रत्येक पुरवठादाराचे काही गठ्ठे फोडून पाहणं बंधनकारक करा. प्रत्येक स्फोटाची वेळ आणि त्या वेळी श्रेडरमध्ये माल नेणाऱ्या पट्ट्यावर असलेल्या मालाच्या ट्रकचा नंबर नोंदवहीत हवा. दोन-तीन महिन्यांत कोणाच्या मालात गडबड आहे ते आपोआप दिसतं.

श्रेडरमध्ये पाण्याचा फवारा असतो; धूळ बसते आणि पेट घेण्याची शक्यता कमी होते. पण पाणी जास्त झालं की कचरा ओला होतो, पुढे धातू वेगळा करताना त्रास होतो आणि वजन वाढतं. म्हणून चालवणारे फवारा हळूच बंद करतात, आणि तपासणीच्या दिवशी तो सुरू असतोच. त्या नळाला वेगळं मीटर लावायला सांगा आणि त्याचं वाचन मशीनच्या चालू तासांशी जुळवा.

---

निळी_ज्योत

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण श्रेडर नसलेल्या यार्डांना सूट मिळाल्यासारखं वाटायला नको. गॅस कटिंगचा धूर श्रेडरच्या धुळीपेक्षा बारीक असतो, त्यातले बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान. पाणी मारून हा धूर बसत नाही. यार्डवाले फवारणीचं यंत्र दाखवतात आणि निरीक्षक खूश होऊन परततो. फवारणी रस्त्याच्या धुळीसाठी आहे.

स्टेनलेस स्टील कापताना षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) तयार होतं, जुन्या रंगवलेल्या लोखंडातून शिसं निघतं, मँगनीज तर साध्या पोलादातही असतं. तीन अटी उपयोगाच्या आहेत. पहिली, हायड्रॉलिक कात्रीत बसणारा माल गॅसने कापायचा नाही. दुसरी, रंगवलेला माल कापायचाच असेल तर कापाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १० सेंमी रंग आधी खरवडायचा. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत हाच आकडा आहे. तिसरी, स्टेनलेसचं कटिंग उघड्यावर बंद, फक्त धूर खेचणाऱ्या हुडखाली.

कामगारांसाठी अमेरिकेतली ८ तासांच्या सरासरीची मर्यादा शिशासाठी ५० आणि षट्संयुजी क्रोमियमसाठी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. नमुना कटिंग करणाऱ्या कामगाराच्या कॉलरला लावलेल्या पंपाने घ्यायचा. यार्डाच्या मधोमध ठेवलेलं यंत्र त्याच्या नाकाबद्दल काहीच सांगत नाही. कपडे बदलायची जागा, हात धुवायची सोय आणि दोन वेगळे लॉकरही पाहा, नाहीतर शिसं कपड्यांवरून घरी जातं.

केबल जाळून तांबं काढणं पूर्ण बंद. पीव्हीसी आणि तांबं एकत्र जळालं की डायॉक्सिन (अत्यंत विषारी संयुगं) तयार होतात, तिथे ‘थोडंच’ चालत नाही.

---

कुंपणरेषा

खूप उपयोगी. कुंपणालगत पीएम १० चे (१० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीच्या कणांचे) स्वस्त सेन्सर लावायचा प्रस्ताव आहे. त्यावर भागेल का?

---

निळी_ज्योत

धुळीसाठी भागेल, धातूंसाठी नाही. प्रकाशावर चालणारे सेन्सर कणाचा आकार अंदाजतात, तो कशाचा आहे हे त्यांना कळत नाही. धुक्यात आणि जास्त दमट हवेत आकडा फुगतो आणि यार्डाच्या वकिलाला तेवढं पुरतं. त्यामुळे सेन्सर किमान दोन हवेत, वारा यार्डाकडे येतो त्या आणि यार्डावरून पुढे जातो त्या बाजूला, आणि त्याच जागी वाऱ्याची दिशा व वेग नोंदणारं यंत्र. दोन्हींच्या १५ मिनिटांच्या सरासरीतला फरक हाच तुमचा पुरावा. दिवसभराची सरासरी घेतली तर दहा मिनिटांचा लोट तीत विरघळून जातो.

धातूंसाठी अधूनमधून २४ तासांचा फिल्टर नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो. षट्संयुजी क्रोमियमसाठी सोडियम बायकार्बोनेट लावलेला फिल्टर वापरतात आणि तो थंड ठेवून नेतात. साधा फिल्टर गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिला तर त्यातल्या क्रोमियमचं रूप बदलतं आणि अहवाल खोटा चांगला येतो.

शिकागो शहराने २०२० मध्ये मोठ्या पुनर्चक्रण केंद्रांसाठी वेगळे नियम केले, त्यात कुंपणालगतची सततची पीएम १० मोजणी आहे. मसुद्यासाठी ते वाचण्यासारखे आहेत.

---

वजनकाटा

एक भर. श्रेडरमधून सेंद्रिय वाफाही निघतात: उरलेलं इंधन, ऑइल, रंग, प्लास्टिक. मोठ्या श्रेडरला त्यासाठी हुड आणि जाळणारं यंत्र लावायला सांगतात. पण वाफा नळीत कोंडल्या की स्फोटाचा धोका नळीत सरकतो. म्हणून ही अट घालाल तेव्हा नळीत ज्वलनशील वायूचा मीटर, ठरावीक पातळीला माल आत ढकलणं आपोआप थांबवणारी यंत्रणा आणि दाब मोकळा करणारी झाकणं या तिन्ही गोष्टी सोबत लिहा. पीव्हीसी आणि एसीच्या गॅसमुळे जाळल्यावर आम्ल तयार होतं, तेव्हा पुढे स्क्रबर (वायू धुऊन आम्ल काढणारं यंत्र) हवाच.

---

ढीगमोजणी

आगीबद्दल. ब्रिटनमधल्या कचरा केंद्रांच्या मार्गदर्शनात ढिगाची उंची जास्तीत जास्त ४ मीटर, लांबी-रुंदी २० मीटरपर्यंत आणि दोन ढिगांत ६ मीटर अंतर आहे. निरीक्षकाने टेप घेऊन जावं. भिंतीवर ४ मीटरला लाल पट्टा मारायला लावला तर टेपही लागत नाही.

त्याच मार्गदर्शनात ३०० घनमीटरच्या ढिगासाठी मिनिटाला किमान २,००० लिटर पाणी, किमान ३ तास, असा हिशेब आहे. म्हणजे ३,६०,००० लिटर, ३६० घनमीटर. हे पाणी विझवून झाल्यावर शिसं, जस्त आणि तेल घेऊन गटाराकडे निघतं. आता पावसाच्या पाण्याची टाकी पाहा. एक हेक्टर काँक्रीटवर २५ मिमी पाऊस म्हणजे २५० घनमीटर, आणि बहुतेक टाक्या एवढ्याच हिशेबाने बांधतात. आगीचं पाणी त्यात मावत नाही, आणि पावसाळ्यात ती आधीच अर्धी भरलेली असते. दोन्ही आकडे धरून अट लिहा. गटाराच्या तोंडाशी हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह हवा, आणि तपासणीत तो प्रत्यक्ष फिरवून पाहायचा. गंजून बसलेला निघतो, फार वेळा.

तेल वेगळं करणारी टाकी पाण्यात विरघळलेलं जस्त आणि तांबं अडवत नाही. त्यासाठी गाळ बसवणं आणि पुढे गाळण लागते. गाळ कधी उपसला याची पावती मागा.

बऱ्याच आगी काम संपल्यावर दिसतात, कारण शेवटच्या खेपेतली धगधगती लिथियम बॅटरी ढिगात पुरली जाते. शेवटचा तासभर श्रेडर बंद आणि ताज्या ढिगावर थर्मल कॅमेरा, ही साधी अट. कॅमेरा फक्त पृष्ठभाग पाहतो, त्यामुळे ढीग एकदा उलथवूनच पाहावा. विद्युत वाहनाची खराब बॅटरी इतर मालापासून १५ मीटर दूर ठेवायची. विझल्यावरही ती पुन्हा पेटते. मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमच्या किसाला आग लागली तर पाणी मारायचं नाही, हायड्रोजन निघतो. तिथे कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची पावडर. फलक त्या ढिगाजवळच लावा, ऑफिसात नको.

---

गॅमा_फाटक

किरणोत्सार कोणी काढला नाही म्हणून लिहितो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या जुन्या उपकरणातलं कोबाल्ट-६० भंगारात आलं आणि एका कामगाराचा जीव गेला. १९९८ मध्ये स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्याच्या भट्टीत सीझियम-१३७ वितळलं आणि त्याच्या खुणा युरोपातल्या इतर देशांच्या हवेत सापडल्या. कोबाल्ट वितळून पोलादातच राहतं, सीझियम धुळीत जातं, अमेरिशियम मळीत (वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळात). त्यामुळे भट्टीवाल्यांकडे तिन्ही ठिकाणी मोजणी हवी.

यार्डात फाटकावर पोर्टल डिटेक्टर (ट्रक मधून जाताना किरणोत्सार मोजणारे खांब). ट्रक ताशी ८ किमीपेक्षा हळू जायला हवा, म्हणून आधी गतिरोधक. शिशाच्या आवरणातला स्रोत भंगाराच्या पोटात असेल तर पोर्टल गप्प राहतं, तेव्हा माल उतरवताना हातातल्या मीटरने दुसरी तपासणी. घंटा वाजली की ट्रक परत पाठवायचा नाही, हे ठळक लिहा. परत पाठवलेला ट्रक डिटेक्टर नसलेल्या यार्डात जातो. चालकाला उतरवा, किरणोत्सार ताशी १०० मायक्रोसिव्हर्टपेक्षा (मायक्रोसिव्हर्ट हे मात्रेचं माप) जास्त आहे त्या भागात कोणी जाणार नाही अशी दोरी बांधा आणि किरणोत्सार नियामकाला कळवा.

तपासणीत डिटेक्टरची पार्श्वभूमीची (समोर ट्रक नसताना दिसणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराची) रोजची नोंद मागा. महिनाभर अगदी एकच आकडा दिसला तर यंत्र बंद आहे किंवा वही घरी बसून भरली आहे.

---

कुंपणरेषा

सर्वांचे आभार. ऑइलचा ताळा, नळाचं मीटर, लाल पट्टा आणि व्हॉल्व्ह फिरवून पाहणं हे मसुद्यात घेतलं. टाकीचं माप ठरवताना २५० आणि ३६० ची बेरीज धरू की मोठा आकडा?

---

ढीगमोजणी

बेरीज. जागा नसेल तर यार्डाच्या कडेने बांध घालून काँक्रीटवरच पाणी अडवता येतं. एक हेक्टरवर सरासरी ४ सेंमी पाणी साठलं तरी ४०० घनमीटर होतं. मात्र उतार पाहून मोजा, फाटकाशी बांध तुटलेला असतो.