मदत हवी आहे: पार्लरमधला केराटिन-स्मूदनिंगचा धूर आणि कॅन्सर, आम्ही रोज करणाऱ्यांनी काय करायचं?

नमस्कार मंडळी. माझं इचलकरंजीत छोटं लेडीज पार्लर आहे, एकच गाळा, पुढे काच आणि मागे भिंत, खिडकी नाही आणि एसी लावल्यामुळे काच कायम बंद. दोन पोरी कामाला आहेत, दोघीही विशी-बाविशीच्या, त्यातल्या एकीला आता दिवस गेलेत आणि धागा काढायचं खरं कारण तीच आहे.

आमच्याकडे हल्ली आयब्रो-वॅक्सपेक्षा स्मूदनिंग-केराटिनलाच, म्हणजे केस सरळ आणि मऊ करून घ्यायलाच जास्त मागणी, लग्नसराईत तर विचारूच नका. क्रीम लावायचं, केस वाळवायचे आणि मग गरम आयर्नने एकेक बट दाबत जायचं, मशीन २०० डिग्रीच्या वर असतं आणि त्यावेळी जो धूर निघतो त्याने डोळ्यांत पाणी येतं, नाक चुरचुरतं, घसा धरतो. कस्टमर तोंडावर टॉवेल धरून बसते पण तिचं चार-सहा महिन्यांतून एकदा असतं, आमचं रोजचं. डबाही तिथेच खातो. त्यात बाजूच्या खुर्चीत कुणाचातरी रूट टचअप चालू, नेलपेंट रिमूव्हर, हेअर स्प्रे, सगळं त्याच हवेत.

माझ्या वाचनात आलं की अमेरिकेत ३३,४९७ बायकांचा सुमारे अकरा वर्षं अभ्यास झाला, २०२२ ला छापून आलाय. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केसांचं स्ट्रेटनिंग करून घेणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के आणि अजिबात करून न घेणाऱ्यांत १.६४. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, कारण हे करून घेणाऱ्यांचं झालं, करणाऱ्यांचं काय?

डिस्ट्रिब्युटरला विचारलं तर तो म्हणतो मॅडम बाटलीवर फॉर्मल्डिहाइड (धुरातला तो झोंबणारा वायू) फ्री लिहिलंय, आणि बाकी प्रत्येक गोष्ट लिमिटमध्येच असते. मान्य, पण आठ-दहा वस्तू प्रत्येकी लिमिटमध्ये असल्या तरी बंद गाळ्यात दिवसभर सगळ्या एकत्र नाकात जातात, त्याचं लिमिट कुणी काढलंय का? हा माझा मुख्य प्रश्न. दुसरं, कोविडमधले एन-९५ मास्क पडून आहेत ते चालतील का. तिसरं म्हणजे त्या पोरीला पगार न कापता कुठलं काम द्यावं.

कृपया "आजकाल कशानेही कॅन्सर होतो" किंवा "पार्लर बंद करा" असं लिहू नका, तीन घरं चालतात यावर.

प्रतिसाद १

ताई, मी केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बाटलीचं. "फ्री" या शब्दावर जाऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. मिथिलीन ग्लायकॉल, फॉर्मलिन, मिथेनल ही फॉर्मल्डिहाइडचीच रूपं किंवा नावं. आणि ग्लायऑक्सिलिक ॲसिड असेल तर बाटलीत फॉर्मल्डिहाइड नसतं पण आयर्नची उष्णता लागली की तयार होऊ शकतं, म्हणजे लेबल खोटं नाही आणि धूरही खरा. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने याच प्रकाराबद्दल सलूनना इशारा दिला होता, "फ्री" लिहिलेल्या मालातही फॉर्मल्डिहाइड सापडलं होतं. तिथे कामगारांसाठी मर्यादा आहे आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग. तुमच्या गाळ्यात किती आहे ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण रोज डोळ्यांतून पाणी येत असेल तर ते दुर्लक्ष करण्याइतकं थोडं नाही.

फॉर्मल्डिहाइड हे माणसात कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलंय, नाकामागच्या घशाच्या भागाचा कॅन्सर, आणि नंतर ल्युकेमियाही. ते पेशीतल्या डीएनएला आणि प्रोटीनला चिकटून त्यांची गाठ मारतं. एक लक्षात घ्या, हा गट म्हणजे पुरावा किती पक्का आहे ते, धोका किती मोठा ते नाही. धोका ठरतो किती आणि किती वर्षं नाकात गेलं त्यावर, आणि तिथेच तुमच्यासारख्यांचं पारडं कस्टमरपेक्षा जड आहे.

हेअर डायमध्ये हाच फरक स्पष्ट दिसतो. घरी केस रंगवण्याला त्याच संस्थेने "ठरवता येत नाही" या गटात ठेवलंय, पण न्हावी आणि हेअरड्रेसरच्या कामाला "बहुधा कॅन्सरकारक" या गटात, मुख्यतः मूत्राशयाच्या कॅन्सरमुळे. रंगांचं आणि मूत्राशयाचं नातं जुनं आहे, १८९५ मध्ये रेन नावाच्या जर्मन सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत ते पहिल्यांदा दाखवलं. आजचे डाय तेव्हाच्या रसायनांसारखे नाहीत हेही खरं.

तुम्ही वाचलेल्या अभ्यासात कोणत्या ब्रँडमध्ये नेमकं काय होतं ही माहिती गोळा केली नव्हती, त्यामुळे कुठल्या घटकाने झालं हे त्यातून कळत नाही.

आता मुख्य प्रश्न. अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. २०१५ मध्ये २८ देशांतल्या १७४ शास्त्रज्ञांनी मिळून हेच तपासलं, हॅलिफॅक्स प्रोजेक्ट म्हणतात. रोजच्या वापरातली ८५ रसायनं घेतली, एकटी असताना कॅन्सरकारक न मानली जाणारी. त्यातल्या ५० रसायनांचा, माणसाच्या वाट्याला येतं तेवढ्या कमी प्रमाणातही, कॅन्सर घडवणाऱ्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर परिणाम होतो असा आधार मिळाला. एक रसायन पेशीला मरू देत नाही, दुसरं रक्तवाहिन्या वाढवतं, तिसरं प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे चोर एकेकटे निरुपद्रवी पण एक कुलूप तोडतो, एक कुत्र्याला गप्प करतो, एक माल उचलतो. मिश्रणाने माणसात कॅन्सर होतोच हे सिद्ध झालेलं नाही, त्यांनी ते शक्य आहे आणि तपासायला हवं असं म्हटलं. म्हणून तुमच्या गाळ्यातल्या मिश्रणाचं लिमिट कुणी काढलेलं नाही. वाट बघत बसण्यापेक्षा हवा बदला.

एन-९५ धुळीसाठी, वायू आरपार जातो. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो. एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि धूर तुमच्या तोंडासमोरून ओढला जाणार नाही अशा बाजूला.

प्रतिसाद २

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. त्या मुलीला स्मूदनिंग आणि कलर दोन्हींपासून पूर्ण बाजूला ठेवा, थ्रेडिंग, मेहंदी, अपॉइंटमेंट, बिलिंग द्या, आणि धूर चालू असताना ती गाळ्याबाहेर असली तर उत्तम. घाबरवू नका तिला, पण तिच्या डॉक्टरला ती काय काम करते हे नक्की सांगायला सांगा, आमच्याकडे पेशंट हे सांगतच नाहीत. तुम्ही स्वतः, दोन पाळींच्या मधे रक्तस्राव किंवा पाळी गेल्यावर डाग दिसला तर लगेच दाखवा. लघवीत रक्त दिसलं तरी तसंच, दुखत नसलं म्हणून थांबू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच शटर बंद करून बाटल्या बघितल्या, दोन्हीत ग्लायऑक्सिलिक ॲसिड आहे. तिला उद्यापासून काउंटरला बसवते, पगार तोच. पण मागची भिंत शेजारच्या गाळ्याची आहे, फॅन कुठे काढू? काचेच्या वर जागा आहे पण स्मूदनिंगची खुर्ची आत कोपऱ्यात आहे.

प्रतिसाद १

मग फॅन काचेच्या वरच बसवा आणि खुर्ची हलवा. स्मूदनिंगची खुर्ची काचेजवळ आणा, वर फॅन, कस्टमरचं तोंड आत आणि तुम्ही तिच्या मागे उभ्या राहिलात तर धूर तुमच्याच अंगावरून जाईल, म्हणून तिला आडवी बसवा. दाराची फट उघडी ठेवा नाहीतर फॅन ओढणार काय. आयर्न चालू असेपर्यंत एसी बंद, कुणी कुरकुरलं तरी. नायट्राइल ग्लोव्हज, दिवसाला एकच स्मूदनिंग शेवटच्या स्लॉटला, आणि डबा बाहेर. डिस्ट्रिब्युटरकडे सेफ्टी डेटा शीट (मालात काय आहे आणि धोका काय ते सांगणारा कंपनीचा कागद) मागा, लेखी, नाही दिली तर तो माल घेऊ नका. फॅन किती इंची लागेल ते गाळ्याची लांबी-रुंदी-उंची टाकलीत की हिशोब करून देतो.